उसनीं चित्रें, आपली गोष्ट

पुण्याच्या शनिवार पेठेंत शनिवारवाडा पाहावयास आलेला मनुष्य दिल्ली दरवाजाचे खिळे पाहतो, बुरुजांवरून फिरतो, आंतील कारंज्यांचे अवशेष पाहतो, आणि २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं लागलेल्या आगींत वाडा कसा भस्मसात् झाला याची हकीकत ऐकून परततो. याच वाड्यांत अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत चित्रकलेची एक शाळा होती, हें त्याला सहसा कोणी सांगत नाहीं. इंग्रजांचा पुणें दरबारांतील वकील सर चार्ल्स मॅलेट याच्या आग्रहावरून सवाई माधवराव पेशव्यांच्या आश्रयानें ती निघाली, आणि जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराकडे तिची देखरेख होती. या मंडळांतला सर्वांत नांवाजलेला मराठी हात गंगाराम चिंतामण तांबट याचा. त्यानें मॅलेटसाठीं वेरुळचीं लेणीं रेखाटलीं आणि पेशव्यांच्या प्राणिसंग्रहांतील गेंड्याचेंही चित्र काढलें. पुढें १७९५ सालीं वेल्स वारला, थोड्याच काळानें मॅलेट मायदेशीं परतला, शाळेचें कांहीं उरलें नाहीं, आणि गंगारामाचीं चित्रें साहेबाच्या सामानाबरोबर समुद्रापार गेलीं. आज त्यांतील बरीचशीं अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहांत आहेत. हात पुण्याचा, पगार मॅलेटचा, आणि चित्र संग्रहालयाचें, असा हा हिशेब आहे.

चित्र कोणाचें, हा प्रश्न शनिवारवाड्याइतकाच जुना दिसतो. परंतु त्याला एक उलटी बाजूही आहे, आणि तीच येथें सांगावयाची आहे. गंगारामाचें चित्र त्याच्या हातचें असून त्याच्यापाशीं राहिलें नाहीं. दोनशें वर्षांनीं अमेरिकेंत कांहीं तरुण असे निघाले कीं, ज्यांना चित्र काढतांच येत नव्हतें. त्यांनीं दुसऱ्याचीं चित्रें उचललीं आणि त्यांवर आपली गोष्ट उभी केली. तीं चित्रें व्हिडिओ गेममधलीं होतीं, आणि गोष्टी छापल्या गेल्या त्या कागदावर नव्हे, तर इंटरनेटवर.

या प्रकाराला चोरी म्हणून मोकळें होण्यापूर्वीं कोंकणांत एकवार डोकावलें पाहिजे. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी नांवाचें गांव आहे. तेथील ठाकर समाजांत चित्रकथीची परंपरा आहे. चित्रकथ्याच्या घरीं चित्रांच्या पोथ्या असतात. एका पोथींत एका आख्यानाचीं चित्रें. तो श्रोत्यांसमोर बसून एक चित्र उभें धरतो, वीणा, हुडूक आणि टाळ यांच्या साथीनें कथा गातो, आणि प्रसंग संपला कीं पुढचें चित्र दाखवितो. चित्रें पूर्वजांच्या हातचीं असतात. त्यांतल्या रावणाचा डोळा मिटत नाहीं, सीतेची मान वळत नाहीं. रावण गर्जतो कीं गयावया करतो हें ठरतें कथेकऱ्याच्या गळ्यांत. पुण्यांतील राजा दिनकर केळकर संग्रहालयांत या धाटणीचीं जुनीं चित्रें आहेत. पण भिंतीवर टांगलेलें चित्रकथीचें चित्र म्हणजे तारा काढलेली वीणा. ही कला जिवंत ठेवल्याबद्दल पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. तेव्हां, चित्र तयार असावें आणि कथा आपण सांगावी, ही रीत मराठी माणसाला परकी नाहीं. मात्र पिंगुळीच्या पोथ्या घरच्या होत्या. अमेरिकेंतील पोरांच्या पोथ्या एका जपानी कंपनीच्या होत्या, आणि सगळा फरक तेवढ्यांतच आहे.

दैनिकांत येणाऱ्या तीनचार चौकटींच्या चित्रपट्ट्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. तशीच पट्टी छापखान्याऐवजीं इंटरनेटवर प्रसिद्ध झाली म्हणजे तिला वेबकॉमिक म्हणतात. तेथें संपादक नाहीं, जागेची टंचाई नाहीं, आणि नाकारलेल्या चित्रांचा लखोटा परत येण्याची भीतिही नाहीं. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें भारतांत सर्वसामान्यांस इंटरनेट खुलें केलें. त्याच वर्षीं तिकडे अमेरिकेंत ख्रिस मॉरिसन यानें ‘पॉलिमर सिटी क्रॉनिकल्स’ ही मालिका इंटरनेटवर सुरू केली होती; व्हिडिओ गेमच्या विश्वावर बेतलेल्या अगदीं पहिल्या मालिकांत तिची गणना होते. मे १९९८ मध्यें स्कॉट कर्ट्झची ‘पीव्हीपी’ आली. तिचें कथानक खेळांविषयींच्या एका मासिकाच्या कचेरींत घडतें. नोव्हेंबर १९९८ मध्यें ‘पेनी आर्केड’ निघाली. तिच्यांत जेरी होल्किन्स लिहितो आणि माइक क्राहुलिक चित्रें काढतो. या सर्वांना चित्रकला येत होती, निदान त्यांच्यापैकीं एकाला तरी येत होती. ज्यांना येत नव्हती त्यांची पाळी २००० सालीं आली.

त्यासाठीं खेळांतलें चित्र कसें घडतें तें समजून घेणें अवश्य आहे. जपानच्या निंटेंडो कंपनीनें १९८३ सालीं ‘फॅमिकॉम’ नांवाचें घरगुती खेळयंत्र विकावयास काढलें. पुढें त्याच्या नकला जगभर झाल्या. आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकांत दूरदर्शन संचाला जोडावयाचा जो खोका मुलांच्या हट्टापायीं मध्यमवर्गीय घरांतून आला, तोही याच कुळांतला. या यंत्राचा पडदा म्हणजे आडवे २५६ आणि उभे २४० ठिपके. त्यावर हलणारी आकृति आठ ठिपके रुंद व आठ ठिपके उंच अशा तुकड्यांची जोडून केलेली असते, आणि अशा प्रत्येक तुकड्यांत रंग फार तर तीन. या हलत्या आकृतीला स्प्राइट म्हणतात. दुसुतीच्या कापडावर चौकड्या मोजून मोर भरणाऱ्या बाईला ही कला कोणीं शिकवावी लागणार नाहीं. एक टांका इकडचा तिकडे झाला कीं मोराचा कावळा होतो, हें ती जाणते. खेळाच्या चित्रकारालाही एका ठिपक्यांत डोळा आणि दोन ठिपक्यांत हात दाखवावा लागे.

कॅपकॉम या जपानी कंपनीनें डिसेंबर १९८७ मध्यें जो खेळ काढला, त्याचा नायक असाच ठिपक्यांचा एक निळा यंत्रमानव होता. जपानांत त्याला रॉकमॅन म्हणत, अमेरिकेंत मेगामॅन. सज्जन डॉक्टर लाइट त्याचा कर्ता, दुष्ट डॉक्टर वाइली त्याचा वैरी. खेळांत त्याला उभें राहतां येतें, धांवतां येतें, उडी मारतां येते, शिडी चढतां येते, आणि हाताच्या नळींतून गोळी सोडतां येते. यापलीकडे त्याला जवळजवळ कांहींच येत नाहीं. त्याला हंसतां येत नाहीं, रागावतां येत नाहीं, खुर्चीवर बसतांही येत नाहीं. कारण खेळाला त्याची गरज नव्हती आणि ठिपके मोलाचे होते.

१९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अशीं यंत्रें जुनीं झालीं. परंतु त्यांची हुबेहूब बतावणी करणाऱ्या संगणकीय आज्ञावल्या हौशी लोकांनीं तयार केल्या. त्यांना एम्युलेटर म्हणतात. खेळ संगणकावर चालवावा, हव्या त्या क्षणीं पडद्याचें स्थिरचित्र घ्यावें, त्यांतून आकृति कातरून काढावी, आणि अशा साऱ्या आकृति एका कागदावर चिकटवाव्या तशा एका चित्रांत मांडून ठेवाव्या, हा मग एक छंदच झाला. पत्त्यांच्या जोडासारखा हा संच एकानें केला कीं दहा जण वापरीत. निळ्याच्या जागीं जांभळा रंग भरला कीं नवें पात्र जन्माला येई. अशा कातरणांतून रचलेल्या मालिकांना स्प्राइट-मालिका असें नांव पडलें.

त्यांतली पहिली लोकप्रिय मालिका म्हणजे ‘बॉब अँड जॉर्ज’. तिचा कर्ता डेव्हिड ॲनेझ. तिच्या जन्माची कथा मोठी गमतीची आहे. ॲनेझला हातानें काढलेली मालिका करावयाची होती. बॉब आणि जॉर्ज हे दोघे भाऊ; एकाच्या हातीं आग, दुसऱ्याच्या हातीं वीज; असे ते अद्भुत शक्तीचे वीर होणार होते. परंतु चित्रें तयार नव्हतीं आणि जागा तर उघडून बसली होती. मुख्य पाहुणे येईपर्यंत सभेंत एखाद्या स्थानिक गवयाला बसवितात, तसें त्यानें १ एप्रिल २००० पासून मेगामॅनच्या उसन्या आकृति घेऊन विनोदी पट्ट्या टाकावयास प्रारंभ केला. पुढें त्यानें हातानें काढलेली मालिका सुरू करून पाहिली. ती जमली नाहीं. थोड्याच दिवसांत त्यानें ती सोडून दिली. गवई तेवढा बसून राहिला, आणि तो २८ जुलै २००७ पर्यंत उठला नाहीं. इतक्या अवधींत बहुतेक रोज एक याप्रमाणें अडीच हजारांहून अधिक पट्ट्या झाल्या. ज्या दोघां भावांचें नांव मालिकेला होतें, त्यांनाही अखेर मेगामॅनच्याच जगांत, त्याच्याच ठिपक्यांचा वेश घालून यावें लागलें.

या यशाचें मर्म चित्रांत नव्हतें. ज्या आकृतीला हंसतां येत नाहीं, तिच्याकडून वाचकाला हंसवावयाचें, म्हणजे सारा भार बोलण्यावर येतो. ॲनेझनें खेळांतील थोरपणा उतरवून ठेवला. त्याचा मेगामॅन भोळसट आहे, आणि ऋषितुल्य डॉक्टर लाइटला मद्याची आवड आहे. मूळ खेळाचे जे भाग एकामागून एक निघाले, त्यांचीं कथानकें तो क्रमानें घेई आणि आंतून उलटीं करी. दोन चौकटींत अगदीं तेंच चित्र, ठिपक्याचाही फरक नाहीं. पहिल्या चौकटींत एक पात्र बोलतें, दुसऱ्या चौकटींत कोणीच बोलत नाहीं. त्या मुक्या चौकटींत वाचक स्वतः चेहऱ्यावरचा भाव भरतो. दशावतारांतला संकासुर मुखवट्याआडून बोलतो तेव्हां मुखवटा हंसल्याचा भास होतो, त्याच जातीची ही करामत आहे. पुढें पुढें लेखक स्वतःच एक पात्र होऊन पट्टींत येऊं लागला आणि त्याचीं पात्रें त्याच्याशीं भांडूं लागलीं. कालप्रवासाच्या गुंतागुंतीनें कथानक इतकें गुरफटलें कीं नव्या वाचकाची दमछाक व्हावी. हा दोषच म्हटला पाहिजे.

चित्रें काढणाऱ्या मंडळींनीं या प्रकाराला नाकें मुरडलीं. कातरणें चिकटविणें ही कला कसली, हा त्यांचा आक्षेप. तो सर्वस्वीं खोटाही नव्हता, कारण ‘बॉब अँड जॉर्ज’च्या मागोमाग शेंकडों मालिका निघाल्या आणि त्यांतील बहुतेक वाचवत नाहींत. ज्याला चित्र येत नाहीं त्याला लिहितां येतें असें थोडेंच आहे! परंतु कित्येक शाळकरी पोरांनीं चौकट कशी तोडावी, संवाद किती ठेवावा, हंशा कोठें यावा, हें याच उसन्या बाहुल्यांवर घोटून घेतलें. ॲनेझच्या जागेवर अशा इतर होतकरूंच्या मालिकांनाही थारा मिळत असे.

आतां उसनवारीचा हिशेब. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यांत न्याय्य वापर नांवाची एक सवलत आहे; विडंबन, टीका, अध्यापन यांसाठीं दुसऱ्याच्या कृतीचा अंश घेणें तिच्या आधारें कधीं चालतें, कधीं चालत नाहीं, आणि तें ठरतें खटला झाल्यावर. आपल्याकडील १९५७ च्या कायद्यांतही याच्या जवळपासची तरतूद आहे. कल्पनेवर कोणाची मालकी नसते, ती कल्पना ज्या रूपांत मांडली त्या रूपावर असते, हें तत्त्व सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं आर. जी. आनंद यांच्या खटल्यांत सांगितलें. स्प्राइट-मालिकांची अडचण नेमकी येथें होती. त्यांची कल्पना स्वतःची होती आणि रूप दुसऱ्याचें. फुकट दाखविली तोंवर मालिका निभावून जाई. परंतु पुस्तक छापून किंमत घेतली कीं चित्रांच्या धन्याला विचारल्यावांचून गत्यंतर नाहीं. म्हणून सात वर्षें रोज काम करूनही, केवळ त्या पट्ट्यांचें पुस्तक काढून विकावें, हा साधा मार्ग ॲनेझसारख्याला मोकळा नव्हता.

स्वतःच्या हातचीं चित्रें असलीं तरी दुसऱ्याचें पात्र घेतलें कीं काय होतें, तें ‘पेनी आर्केड’नें २००३ सालीं अनुभवलें. खेळांना भीषण रूप देणाऱ्या एका प्रसिद्ध रचनाकाराची टवाळी करतांना त्यांनीं ‘स्ट्रॉबेरी शॉर्टकेक’ ही लहान मुलींची लाडकी बाहुली नको त्या वेशांत रंगविली. बाहुलीची मालक अमेरिकन ग्रीटिंग्ज या कंपनीनें वकिलामार्फत नोटीस धाडली, आणि त्यांना ती पट्टी काढून टाकावी लागली. पण एवढ्यानें त्यांचें कांहीं बिघडलें नाहीं, कारण बाकीचीं सर्व पात्रें त्यांचीं स्वतःचीं होतीं. त्याच वर्षीं त्यांनीं रुग्णालयांतील मुलांना खेळणीं आणि खेळ पोंचविणारी ‘चाइल्ड्स प्ले’ ही धर्मादाय संस्था काढली. पुढील वर्षीं खेळ खेळणाऱ्यांचा एक मेळावा भरविला, आणि तो पुढें दरवर्षीं वाढत गेला.

याच गोष्टीचा पडताळा पाहण्यास शनिवार पेठेची शींव ओलांडली कीं पुरे. शेजारच्या बुधवार पेठेंत ‘सकाळ’ची कचेरी आहे. त्या दैनिकांत २१ नोव्हेंबर १९९१ रोजीं ‘चिंटू’ अवतरला. तेथेंही ‘पेनी आर्केड’प्रमाणें दोघांची जोडी होती: चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर. मध्यमवर्गीय घरांतला एक व्रात्य मुलगा, त्याचे आईपप्पा, पप्पू, मिनी, बगळ्या हे सवंगडी आणि जोशी काकू, एवढ्या सामग्रीवर ही पट्टी वर्षानुवर्षें चालली. चिंटूचें एक केस देखील कोणाकडून उसनें आणलेलें नव्हतें. म्हणून त्याचे संग्रह निघूं शकले, आणि २०१२ व २०१३ सालीं श्रीरंग गोडबोले यांच्या दिग्दर्शनाखालीं त्याच्यावर दोन चित्रपटही झाले. रोजच्या रोज चौकट भरण्याची मेहनत पुण्याच्या जोडीनें केली तशीच ॲनेझनेंही केली. एकाच्या मेहनतीचें घर झालें, दुसऱ्याच्या मेहनतीचें बिऱ्हाड राहिलें.

ब्रायन क्लेव्हिंजर याची कथा यापुढची आहे. मार्च २००१ मध्यें त्यानें ‘एट-बिट थिएटर’ सुरू केलें. स्क्वेअर या जपानी कंपनीनें १९८७ सालीं काढलेल्या ‘फायनल फँटसी’ या खेळांतील चार वीर त्यानें घेतले. खेळांत हे चौघे जगाच्या उद्धारासाठीं निघतात. क्लेव्हिंजरच्या मालिकेंत ते जेथें जातात तेथें जगाचा अधिकच सत्यानाश होतो. योद्धा निर्बुद्ध, कृष्णमांत्रिक खुनशी, चोर अप्पलपोटा, आणि तांबडा मांत्रिक आपल्याच युक्त्यांवर भाळलेला. ॲनेझपेक्षां क्लेव्हिंजरचें लेखन सरस होतें यांत संशय नाहीं. त्याचा विनोद कधींकधीं वर्षानुवर्षें दबा धरून बसे आणि वाचक विसरल्यावर फुटे. ही मालिका २०१० सालीं संपली. तिचेंही पुस्तक करून विकण्याची सोय नव्हती, तेव्हां त्यानें २००४ सालीं ‘न्यूक्लिअर एज’ नांवाची एक कादंबरी लिहून प्रसिद्ध केली. तींत चित्र नव्हतें, म्हणून उसनेंही कांहीं नव्हतें.

नंतर २००७ सालीं, म्हणजे ‘बॉब अँड जॉर्ज’ बंद पडलें त्याच वर्षीं, क्लेव्हिंजरनें ‘ॲटॉमिक रोबो’ हें चित्रकथेचें छापील पुस्तक आणलें. त्याचा नायकही यंत्रमानवच आहे. पण हा निकोला टेस्ला या शास्त्रज्ञानें घडविला अशी कल्पना आहे, आणि तो कोणत्याही खेळांतून आलेला नाहीं. क्लेव्हिंजरला तेव्हांही चित्र काढतां येत नव्हतें. तीं स्कॉट वेगनर यानें काढलीं आहेत, आणि मुखपृष्ठावर दोघांचींही नांवें छापलेलीं आहेत.